तीनच्या सीटवर चौथा: कंडक्टरताईंचा पाय आणि ते हिरवं टो स्ट्रेचर

"मॅडम, हे टाकून देऊ का?" असं म्हणत ताईंनी पर्समधनं एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत हिरव्या जेलचं पाच बोटांत घालायचं टो स्ट्रेचर होतं, ऑनलाइन दोनशे नव्याण्णवला घेतलेलं. एकच रात्र वापरलेलं. जाहिरातीत बाई शांत झोपलेली दाखवली होती म्हणून ह्याही घालून झोपल्या, आणि रात्री दोनला पायात असा काही गोळा आला की अंधारात ते ओढून काढताना पलंगाच्या पायाला अंगठा आपटला तो वेगळाच.

मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. ही केस त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लिहायचं कारण म्हणजे आठवड्यातनं दोन-तीन जण तरी विचारतात, "टो स्ट्रेचर घेऊ का, पाय दुखतो", आणि ह्याचं हो किंवा नाही असं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही.

तर ताई. वय ४४, एसटीत कंडक्टर, दोन मुलं. वजन बेताचं, बीपी नाही. जुलै २०२४ मध्ये आल्या तेव्हा उजव्या पायाचं दुखणं आठ महिन्यांचं होतं. दुखणं टाचेत नाही, चवड्यात, म्हणजे पाऊल टेकून पुढं ढकलताना जो भाग जमिनीवर दाबला जातो तिथं. जळजळ व्हायची, तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या यायच्या, आणि त्यांचं स्वतःचं वर्णन असं, "बुटात खडा गेल्यासारखं वाटतं हो. स्टँडवर गाडी लागली की मी बूट काढून उलटा करून आपटते, त्यातनं काहीच पडत नाही. ड्रायव्हर म्हणतो ताई रोज काय शोधता बुटात." आणि पुढचं वाक्य माझ्यासाठी त्याहून महत्त्वाचं होतं: "बूट काढून बोटं चोळली की पाच मिनिटांत थांबतं."

हे ऐकल्यावर निम्मं निदान झाल्यात जमा असतं. न दिसणारा खडा आणि बूट काढला की आराम, हे मॉर्टन्स न्यूरोमाचं अगदी ठरलेलं गाऱ्हाणं. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन नावाच्या सर्जननी ह्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव पडलं. नावात 'ओमा' आहे म्हणून लोक गाठ, कॅन्सर असलं काहीतरी डोक्यात घेतात, तसं काही नसतं. बोटांकडं जाणारी नस दोन हाडांच्या मधे दाबून दाबून तिच्याभोवतीचं आवरण जाड होतं, बस. बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या बेचक्यात.

माझ्याकडं येण्याआधी ताईंनी काय काय केलं होतं? दुखायच्या गोळ्या, मिठाच्या गरम पाण्यात पाय, कॅल्शियम, युरिक ॲसिडची टेस्ट (नॉर्मल), आणि नणंदेनं दिलेली काटेवाली ॲक्युप्रेशर स्लीपर, जिनं दुखणं सरळ दुप्पट केलं, कारण जिथं नस आधीच दाबलेली तिथंच ते प्लॅस्टिकचे काटे. त्यानंतर हे स्ट्रेचर.

आता तपासणी. उजव्या पायाचा अंगठा दुसऱ्या बोटाकडं चांगलाच कलला होता आणि मुळाशी हाड बाहेर आलेलं. मी म्हटलं ताई ह्याला बनियन म्हणतात, तर त्या हसायला लागल्या, "बनियन? ते आमच्या ह्यांचं असतं." असो. हे जादा वाढलेलं हाड नसतं, तळपायातलं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं आणि अंगठा उलटीकडं वळतो, त्याचा कोपरा आपल्याला बाहेर दिसतो. वैद्यकीय नाव हॅलक्स व्हॅलगस. उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर त्यांचा अंगठा कलल्याचा कोन २४ अंश होता. १५ पर्यंत ठीक धरतात, २० ते ४० म्हणजे मध्यम. (एक्स-रे उभं राहूनच काढायचा, झोपून काढला की पायावर वजन नसतं आणि कोन कमी दिसतो, हे सांगून पाठवावं लागतं.) दुसरं बोट थोडं आखडून वर आलेलं, करंगळीवर कुरूप. चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत दाबला आणि बेचक्यात खालून अंगठ्यानं दाब दिला, तर आत काहीतरी टचकन सरकल्याचं हाताला लागलं आणि त्यांनी पाय झटकला, "हेच, हेच ते!" सोनोग्राफीत तिथंच ५ मिलिमीटरचा जाडपणा आला.

शुगर करून घेतली. मुंग्या म्हटलं की ती बघितल्याशिवाय पुढं जायचंच नाही. तीन महिन्यांची सरासरी ५.५ आली, बारीक नायलॉनच्या तारेचा स्पर्श तळव्याला सगळीकडं कळत होता, नाडी लागत होती. शुगर जास्त असती, तळव्याला स्पर्श कळत नसता, तर ते हिरवं स्ट्रेचर मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं असतं. बोटांत रुतलेलं जेल कळत नाही, कातडी सोलवटते, जखम होते, आणि डायबेटिसमध्ये बोटांच्या मधली जखम कुठवर जाते ते ज्यांनी घरात बघितलंय त्यांना सांगायला नको.

आणि चिखल्या. पावसाळ्यात दिवसभर ओले मोजे, त्यामुळं चौथ्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजलेली, फाटलेली. ह्यावर जेल घालणं म्हणजे बुरशीला गादी घालून देणं. त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवलं, मलम आलं, पाय धुतल्यावर बोटांच्या मधे कोरड्या फडक्यानं टिपायचं, आणि पर्समधे एक मोज्यांचा जोड जास्तीचा ठेवायचा. म्हणजे टो स्ट्रेचरची केस म्हणून मी हे लिहितेय खरं, पण पहिले दोन आठवडे टो स्ट्रेचरला हातसुद्धा लावला नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत घडली. मी जुना पेपर जमिनीवर पसरला, ताईंना अनवाणी त्यावर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन, आणि पेन सरळ उभं धरून पावलाची कड काढली. मग त्यांचा ड्युटीचा काळा बेली शूज त्या आकारावर ठेवला. पाऊल सगळ्यात रुंद जागी ९.८ सेंटिमीटर, बुटाचा तळ त्याच जागी ८.१. बुटाच्या दोन्ही बाजूंनी पेनाची रेघ बाहेर डोकावत होती, अंगठ्याकडं जास्त. लांबीतही त्या वर्षानुवर्षं ५ नंबर घेत होत्या आणि पायाला ६ लागत होता. "लग्नात घेतलेली चप्पल पाच नंबरचीच होती," म्हणाल्या. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, पाय पसरला, नंबर मात्र तोच. बाळंतपणानंतर पावलाची कमान थोडी खाली बसून पाय लांब-रुंद होतो आणि बऱ्याच जणींचा तो पुन्हा आधीसारखा होत नाही, पण चपलेच्या दुकानात आपण पाय मोजून घेत नाही, नंबर सांगून मोकळे होतो.

त्या बराच वेळ त्या पेपरकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीनच्या सीटवर चौथा बसवलाय."

मला ह्याहून चांगलं कधीच सांगता आलं नसतं. लाल डब्यात तीनच्या सीटवर चौथा बसला की सगळेच तिरके होतात, कडेचा अर्धा बाहेर, मधला चेपलेला. मी म्हटलं बरोबर, आणि आता त्याच सीटवर प्रत्येकाच्या मधे एकेक पिशवी ठेवली तर? तर अजून चेपतील. तेच टो स्पेसर, म्हणजे दोन बोटांच्या मधे ठेवायचा मऊ तुकडा, घालून अरुंद बुटात पाय कोंबला की होतं. कित्येक जण हेच करतात आणि मग म्हणतात स्पेसरनं वाढलं.

पण ताईंनी तर बुटात घातलं नव्हतं, झोपताना घातलं होतं, मग गोळा का आला? दोन कारणं. एक, वर्षानुवर्षं आवळलेली बोटं एका रात्रीत सहा-सात तास ताणून ठेवली. ज्याला मांडी घालता येत नाही त्याला रात्रभर मांडी घालून बांधून ठेवल्यासारखं. दुसरं कारण जरा बारीक आहे. त्या स्ट्रेचरमधला अंगठा आणि दुसऱ्या बोटातला खांब सगळ्यात जाड, अंगठा सरळ करायला म्हणून. पण अंगठा ताठ, तो हलला नाही, मग दुसरं बोट तिसऱ्यावर ढकललं गेलं, तिसरं चौथ्यावर, आणि नस दबते ती नेमकी तिसऱ्या-चौथ्याच्या मधेच. भरीला दुसऱ्या बोटात जोडवी, जाड नक्षीची, तिची कड तिसऱ्या बोटाला रुतत होती. तिथं वळसुद्धा दिसत होता.

जोडव्यांचा विषय नाजूक. काढा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. त्यांनीच मार्ग काढला, सोनाराकडं जाऊन नक्षीची मोडून साधी गोल, बिननक्षीची, थोडी सैल करून घेतली. सोनारानं म्हणे विचारलं, डॉक्टरनं सांगितलं का? एकट्या ह्या बदलानं तिसऱ्या बोटावरचा वळ गेला.

मग स्पेसर. हिरवं बाजूला ठेवलं. दोन छोटे मऊ सिलिकॉनचे घेतले, एक अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मधे, एक पातळसा तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. त्याच्याही आधी आठवडाभर फुकटातला प्रकार, पाय मांडीवर घेऊन हाताची बोटं पायाच्या बोटांत गुंफायची, हातात हात घालतो तशी, आणि पाऊल हळूहळू गोल फिरवायचं. पहिल्या दिवशी त्यांची बोटं आत जाईचनात, करंगळीपाशी तर अडूनच बसली. सिलिकॉनचे सुरू केले ते पाच मिनिटं, बसून, टीव्ही बघताना. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढव, अर्ध्या तासावर थांब. झोपताना नाही, बुटात नाही, बोट बधिर झालं किंवा रंग बदलला की लगेच काढ. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये.

ह्याच्या जोडीला व्यायाम, आणि स्पेसरचा खरा उपयोग मला इथं दिसतो. अंगठा बाहेर ओढणारा एक स्नायू पावलाच्या आतल्या कडेला असतो. अंगठा कलला की हा स्नायू घसरून तळाकडं जातो आणि त्याची ओढण्याची दिशाच चुकते, मग कितीही सांगा "अंगठा बाजूला करा", होतच नाही. ताई नुसत्या कपाळाला आठ्या घालायच्या, अंगठा जागचा हलायचा नाही. स्पेसर घालून अंगठा थोडा रेषेत आणला आणि मग तोच प्रयत्न केला की त्या स्नायूला पकड मिळते. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा तो अंगठा दोन मिलिमीटर हलला तेव्हा त्यांनी मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, मागं सिरियलचा आवाज. बाकी पायरीवर उभं राहून पोटऱ्या ताणणं (पोटरी आखडली की टाच लवकर उचलली जाते आणि सगळं वजन चवड्यावर जास्त वेळ राहतं), आणि बोटं न आखडता पावलाची कमान उचलणं.

दुखण्याचा आकडा मी दर भेटीला लिहून ठेवते. सुरुवातीला दहापैकी ७. चिखल्या बऱ्या होऊन, स्पेसर आणि व्यायाम दोन आठवडे करून, ६. खरं सांगायचं तर काहीच नाही. संध्याकाळी स्पेसर घातले की छान वाटायचं, पाय "उघडल्यासारखा" वाटायचा, पण दुसऱ्या दिवशी पसरणी घाटात वाई-पाचगणी वर-खाली दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा खडा. वळणावर तोल सांभाळायला कंडक्टर पाय फाकवून चवड्यावर भार देऊन उभा राहतो, हे तुम्ही कधी बघितलं नसेल तर पुढच्या वेळी बघा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर गर्दीही वाढलीये, त्या स्वतः हसत सांगतात, "आमच्याच बायका, आणि आमच्याच पायावर."

बुटाचा प्रश्न तोपर्यंत सुटलेला नव्हता. काळा पाहिजे, पुढून बंद पाहिजे, पण पुढं रुंद पाहिजे. बायकांच्या सेक्शनमध्ये सगळे पुढं निमुळते. पेपरवरची ती रेघ कात्रीनं कापून घेतली होती, तो कागदाचा पाय पर्समधे घेऊन त्या तीन दुकानं फिरल्या, प्रत्येक बुटाच्या तळाशी लावून बघितला. शेवटी मिळाला कुठं, तर शाळेच्या बुटांच्या दुकानात, मुलांचा, गोल तोंडाचा, वरून पट्टा चिकटवायचा काळा बूट. दुकानदारानं विचारलं कितवीतला मुलगा? त्या म्हणाल्या, "चव्वेचाळिसावीतला."

ऑगस्टच्या मध्यावर बूट बदलला. आत मी फेल्टचा छोटा पॅड चिकटवला, दुखऱ्या जागेच्या जरा मागे, म्हणजे हाडं थोडी उचलली जाऊन एकमेकांपासून लांब होतात. बरोबर दुखतं तिथंच पॅड लावायची चूक लोक घरी करतात, तो म्हणजे मग खराखुरा खडाच. दोन आठवड्यांत आकडा ३ वर.

आता प्रामाणिकपणे बघितलं तर हे कशानं झालं? स्पेसर, व्यायाम, बूट, पॅड, जोडवी, सगळं एकात एक. कुणीही म्हणेल आपल्याला पाहिजे त्याला श्रेय द्या. पण ह्या केसमध्ये दोन गोष्टी आपोआप घडल्या आणि म्हणून ती मला आवडते.

पहिली गणपतीत. ७ सप्टेंबरला गणपती, त्याच्या आधीपासून जादा गाड्या, डबल ड्युट्या, घरी गौरी. बारा दिवस स्पेसर डब्यात, व्यायाम शून्य. बूट मात्र नवाच. आकडा? ३ चा २ झाला. मला वाटलं होतं पाच होऊन येतील.

दुसरी नोव्हेंबरच्या शेवटी, भाच्याच्या लग्नात. तोवर त्या रोज अर्धा तास स्पेसर घालत होत्या, अंगठा चांगला हलत होता, आकडा १ होता. पैठणीवर शाळेचा बूट कसा घालणार, म्हणून जुने बेली काढले. सकाळी निघताना आवर्जून पाऊण तास स्पेसर घातले, "ॲडव्हान्समध्ये" म्हणाल्या. हळद झाली, दोन तासांत जळजळ सुरू, मंगलाष्टकांना एका पायावर उभ्या, आणि अक्षता टाकून झाल्या झाल्या खुर्चीखाली बूट ढकलून अनवाणी. संध्याकाळी मला मेसेज: "खडा परत आला. बूट घरी आल्यावर माळ्यावर टाकला."

म्हणजे स्पेसर नाही पण बूट रुंद, दुखणं कमीच. स्पेसर आहे पण बूट अरुंद, दुखणं हजर. एका बाईच्या एका पायावरचा हा हिशोब आहे, अभ्यास नाही, हे मला कळतं. पण जुनं एक काम ह्याच दिशेचं आहे, हाँगकाँगमध्ये १९५८ साली सिम-फूक आणि हॉजसन ह्यांनी बूट घालणारे आणि अनवाणी राहणारे चिनी लोक तपासले होते, बूटवाल्यांत ३३ टक्के लोकांना अंगठा कललेला, अनवाण्यांत १.९ टक्के. आनुवंशिकताही असते, ताईंच्या आईचाही अंगठा असाच आहे आणि त्या माउलीनं जन्मात बंद बूट घातला नाही, त्यामुळं सगळं खापर बुटावर फोडत नाही मी. पण घरातनं आलेला कललेला अंगठा वेगळा आणि त्याला रोज दहा तास चेपणं वेगळं.

मग स्पेसर फुकट का? नाही. माझ्या मते त्याचं पहिलं काम पुराव्याचं आहे. बसून बोटं पसरल्यावर जर दुखणं कमी होत असेल तर तुम्हाला कळलं की चेपणं हा प्रॉब्लेम आहे, मग गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही. दुसरं काम व्यायामात अंगठा रेषेत धरण्याचं. आणि तिसरं, ड्युटीवरून आल्यावर बरं वाटतं, हेही काही कमी नाही, चहानं तरी अजून काय होतं. पण "रोज घाला, अंगठा सरळ होईल" ही जी जाहिरातीतली आधी-नंतरची चित्रं आहेत ती बघून मोठ्या माणसानं पैसे घालू नयेत. पसरलेलं बोट स्पेसर काढला की पुन्हा आपल्या जागी जातं. हाडाचा कोन बदलायचा तर ऑपरेशन लागतं, आणि ते दुखण्यासाठी करतात, दिसण्यासाठी नाही.

ताईंना हे पटत नव्हतं. जानेवारीत त्यांनी हट्टानं पुन्हा एक्स-रे काढला, मी नको म्हणत होते. कोन २३ अंश. त्या खूश, "एक कमी झाला!" मला सांगावं लागलं की ताई, तोच एक्स-रे दोन जणांनी मोजला तरी दोन-तीन अंश इकडंतिकडं येतात, हा तुमचा २४ च आहे. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अंगठा वाकडाच."

"वाकडाच."

"आणि दुखत नाही."

"नाही ना?"

"नाही."

न्यूरोमाचं पुढं काय, तर पुन्हा सोनोग्राफी केली नाही. दुखत नसेल तर तो जाडपणा तसाच राहिला तरी त्याच्यामागं लागत नाहीत. वाढलं असतं तर इंजेक्शन आणि शेवटी सर्जन हे रस्ते होतेच, तेही मी आधीच सांगून ठेवलं होतं. सध्या आकडा ० ते १, जोडून आलेल्या सुट्टीत कुठं जास्त चालणं झालं तर २. शाळेच्या बुटाचा दुसरा जोड घेतला, ह्या वेळी दुकानदारानं कितवीतला विचारलं नाही. सिलिकॉनचे दोन स्पेसर साबणानं धुऊन टीव्हीच्या रिमोटशेजारी असतात.

आणि ते हिरवं, टाकून देऊ का म्हणत आणलेलं, टाकलं नाही. कॉलेजातली मुलगी पायाला नेलपॉलिश लावताना घालते, दहा मिनिटं, वाळेपर्यंत. ताई म्हणतात, "दोनशे नव्याण्णव वसूल."